वेटरच्या कामाची सुरुवात कशी करावी आणि त्यात पुढे कसे जावे

गेली सोळा वर्षे मी पुण्यातील रेस्टॉरंटांत काम करीत आहे. पहिली दीड वर्षे हेल्पर, पुढची पाच वर्षे वेटर, त्यानंतर कॅप्टन (म्हणजे हॉलमधील वेटरांचा प्रमुख), आणि आता नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेऊन त्यांना तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. मेहनतीची तयारी जवळजवळ सगळ्यांचीच असते, पण क्रम उलटा लागलेला असतो. नोकरी लागल्यावर बूट शोधले जातात, टेबल हातात आल्यावर मेन्यू वाचला जातो, आणि काम अंगवळणी पडण्याआधीच हजार-दोन हजारांसाठी जागा बदलली जाते. मग चार वर्षांनीही माणूस त्याच पायरीवर दिसतो. खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. गाळलेला टप्पा नेमका रविवारच्या रात्रीच्या गर्दीत आडवा येतो.

टप्पा १ : कोणत्या प्रकारच्या जागी सुरुवात करायची ते ठरवा

थाळीच्या किंवा उडपी हॉटेलात हाताला वेग येतो, वाढपाची शिस्त लागते आणि एका फेरीत चार टेबले कशी सांभाळायची ते कळते. मात्र तिथे पाहुण्याशी बोलून पदार्थ सुचवणे आणि ऑर्डर नीट लिहून घेणे फारसे शिकायला मिळत नाही. तारांकित हॉटेलात शिस्त उत्तम असते, पण पदविका किंवा प्रशिक्षण नसेल तर आत शिरणेच कठीण, आणि शिरलेच तरी कित्येक महिने काचेची भांडी पुसण्यात जातात. ज्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे त्याने साठ ते शंभर खुर्च्यांचे, डोक्यावर कॅप्टन असलेले, आणि तंदूर, चायनीज व इंडियन असे स्वयंपाकघराचे वेगळे विभाग असलेले फॅमिली रेस्टॉरंट गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे सगळे काम डोळ्यांसमोर घडते आणि चूक झाली तर सांगणारा माणूस शेजारीच उभा असतो.

दहावी उत्तीर्ण असून एक वर्ष देणे शक्य असेल, तर आयटीआयमधील फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसेस असिस्टंट हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून मगच कामाला लागावे. त्यापुढे जायचे असेल तर दादरच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटसारख्या शासकीय संस्थांतील अभ्यासक्रमांची चौकशी करावी. घरची परिस्थिती थांबू देत नसेल तर न शिकता सुरुवात करण्यात कमीपणा नाही. फक्त टप्पा ४ दुप्पट काळजीने करावा लागेल.

टप्पा २ : कागद, शरीर आणि सामान

आधार, पॅन, बँकेचे पासबुक, चार फोटो, शाळेचा दाखला आणि गावाकडचा व सध्याचा असे दोन्ही पत्ते एका फाइलमध्ये ठेवावेत. यासोबत एक कागद बहुतेकांकडे नसतो, तो म्हणजे वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होणे आणि विषमज्वरासारख्या रोगांविरुद्ध लस घेतलेली असणे आवश्यक आहे. ते करून घेणे मालकाचे काम आहे, पण हे प्रमाणपत्र स्वतःहून घेऊन येणारा उमेदवार माझ्या तरी लक्षात राहतो.

सामानात पहिला खर्च बुटांचा करावा. काळे, बंद, तळ न घसरणारे आणि आतून मऊ असे बूट घ्यावेत, आणि ते संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मापून घ्यावेत, कारण दहा-अकरा तास उभे राहिल्यावर पायाचे माप तेच असते. स्वयंपाकघराच्या दारापाशी फरशीवर तेल आणि पाणी कायम असते. गुळगुळीत तळाच्या बुटाने गरम सूप हातात घेऊन तिथून जाणे धोक्याचे आहे. सुती मोजे निदान चार जोड हवेत. खिशात दोन पेन, छोटी वही, बाटली उघडण्याचे ओपनर, काडेपेटी किंवा लायटर आणि एक स्वच्छ वेटर-क्लॉथ ठेवावे. दोन पेन यासाठी की एक पाहुणा सही करायला घेतो आणि ते परत येत नाही.

*तपासणी : नखे कापलेली, दाढी केलेली किंवा नीट राखलेली, केस बांधलेले, हातात अंगठी-दोरे नाहीत, अत्तराचा उग्र वास नाही. तंबाखू-गुटख्याची सवय असल्यास ती याच टप्प्यावर सुटायला हवी. टेबलाशी वाकून बोलणाऱ्याच्या तोंडाचा वास लपत नाही.*

टप्पा ३ : नोकरी केव्हा आणि कशी मागावी

दुपारी दीड वाजता किंवा रात्री नऊ वाजता गल्ल्यापाशी जाऊन "काम आहे का?" असे विचारणाऱ्याला उत्तर नकाराचेच मिळते, कारण त्या वेळी मॅनेजरला मान वर करायला सवड नसते. दुपारचे जेवण आटोपल्यावर, साडेतीन ते साडेपाच या वेळात जावे. हंगामही पाहावा. मांसाहारी रेस्टॉरंटांत श्रावणात धंदा मंदावतो आणि भरती थांबते. गणपती उठल्यावर, दिवाळीच्या आधी, आणि डिसेंबरच्या गर्दीसाठी नोव्हेंबरात माणसे हवी असतात.

बोलणे पगारावर आले की "किती देणार?" एवढ्यावर थांबू नये. पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्याव्यात.

१. कापून हातात किती येणार, आणि कोणत्या तारखेला.
२. साप्ताहिक सुट्टी ठरावीक वाराला आहे की नाही.
३. ब्रेक शिफ्ट आहे का, म्हणजे दुपारी सुटून संध्याकाळी पुन्हा यायचे आहे का. असल्यास मधल्या वेळात थांबायला जागा आहे का.
४. दोन वेळचे जेवण आणि राहण्याची खोली मिळते का, आणि एका खोलीत किती जण आहेत. खोली स्वतः बघून यावी.
५. टिप ज्याची त्याला की एकत्र करून वाटली जाते. वाटली जात असल्यास हेल्पर आणि स्वयंपाकघर यांचा वाटा किती.
६. फुटलेल्या भांड्यांचे आणि गणवेशाचे पैसे पगारातून कापले जातात का.
७. भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे का.

शेवटच्या प्रश्नाला लाजू नये. पात्र कर्मचाऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीत मूळ पगाराच्या १२ टक्के त्याचे स्वतःचे आणि तितकेच मालकाचे जमा होतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआयचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून केवळ ०.७५ टक्के कापले जातात. गरम तेलाने हात भाजला तर उपचाराचा खर्च कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर त्या छोट्या कपातीत असते. मुलींनी रात्री घरी पोहोचवण्याच्या सोयीबद्दल विचारलेच पाहिजे. महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर काम द्यायचे असल्यास त्यांची संमती घेणे आणि सुरक्षिततेची व प्रवासाची व्यवस्था करणे मालकावर बंधनकारक आहे.

*इशारा : पहिल्याच महिन्यात उचल घेऊ नये. उचल फिटेपर्यंत चांगली संधी आली तरी जागा सोडता येत नाही, आणि अन्याय झाला तरी बोलता येत नाही.*

टप्पा ४ : पहिले पंधरा दिवस

या दिवसांत बहुधा हेल्परचे काम मिळते : पाणी भरणे, टेबल पुसणे, भांडी उचलणे. नवा मुलगा हे दिवस कसेबसे काढतो आणि टेबल मिळण्याची वाट पाहतो. प्रत्यक्षात याच पंधरा दिवसांत तीन गोष्टी करून घ्यायच्या असतात.

पहिली, टेबलांचे क्रमांक. घरी बसून हॉलचा नकाशा आठवणीने काढावा आणि दुसऱ्या दिवशी पडताळावा. "खिडकीजवळचे" किंवा "पंख्याखालचे" टेबल असे मनात धरलेले असेल तर गर्दीत सात नंबरची बिर्याणी सतरावर जाते.

दुसरी, मेन्यू. दीडशे पदार्थ ओळीने पाठ करायला बसणारा आठ दिवसांत कंटाळतो. आपल्याकडच्या बहुतेक फॅमिली रेस्टॉरंटांत इंडियन विभागाची भाजी तीन-चार मूळ ग्रेव्हींवर चालते : काजू-मगजची पांढरी, टोमॅटोची मखनी, कांदा-टोमॅटोची तपकिरी आणि पालकाची हिरवी. म्हणून वहीत चार रकाने आखावेत आणि प्रत्येक पदार्थ त्याच्या ग्रेव्हीच्या रकान्यात टाकावा. शाही पनीर, मलई कोफ्ता पांढऱ्यात; बटर पनीर मखनीत; कोल्हापुरी, कढाई तपकिरीत. एवढे केले की "गोडसर कोणते?", "तिखट कमी होईल का?", "काजू चालत नाही, काय घेऊ?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाठांतराशिवाय देता येतात. आपल्या स्वयंपाकघराची पद्धत वेगळी असू शकते, तेव्हा रकाने भरताना इंडियनच्या मुख्य आचाऱ्याला विचारूनच भरावेत. साडेचारच्या चहाच्या वेळी विचारले तर तो आनंदाने सांगतो. प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : किती जणांना पुरतो, साधारण किती मिनिटे लागतात, आणि त्यात दूध, अंडे, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, सोया, मासे किंवा कोळंबी यांपैकी काय आहे. दाण्याचे कूट आपल्या स्वयंपाकात इतके सहज पडते की ते सांगायचे राहून जाते, आणि ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी, ट्रे. ट्रे डाव्या तळहातावर, बोटे पसरून, खांद्याच्या जरा खाली धरायचा. उजवा हात दार उघडायला आणि वाढायला मोकळा ठेवायचा. जड वस्तू मध्ये आणि आपल्या अंगाच्या बाजूला, हलकी बाहेरच्या कडेला. खोलीवर पाण्याने भरलेल्या चार बाटल्या ठेवून रोज दहा मिनिटे चालण्याचा सराव करावा. ट्रे उतरवताना एकाच बाजूने सगळे उचलत गेल्यास तो दुसरीकडे कलंडतो. म्हणून आलटून पालटून, एकदा या बाजूचा आणि एकदा त्या बाजूचा ग्लास उचलावा.

*तपासणी : ग्लास नेहमी खालच्या बाजूने धरला जातो का? चार ग्लासांत चार बोटे बुडवून ते एकत्र उचलण्याची सवय हेल्परच्या काळात लागते आणि मग जन्मभर सुटत नाही. उष्टे ग्लास उचलतानाही तसे करू नये, कारण तीच बोटे पुढच्या मिनिटाला स्वच्छ ताटाला लागतात.*

टप्पा ५ : पाहुणे येण्यापूर्वीचा तास

सात वाजता दार उघडणार असेल तर सहा वाजता आपला सेक्शन, म्हणजे आपल्याकडे सोपवलेली टेबले, तयार करायला घ्यावा. खुर्ची ओढून, बसून, टेबल डुगडुगते का ते पाहावे. डुगडुगत असेल तर आताच पायाखाली घडी घालावी. टेबलाची कड आणि खुर्चीची पाठ हाताने चाचपावी, कारण चिकटपणा डोळ्यांना दिसत नाही. ग्लास गरम पाण्याच्या वाफेवर धरून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावेत आणि दिव्यासमोर धरून पाहावेत. मिठाच्या बाटलीची भोके मोकळी आहेत का, टूथपिक आहेत का, मेन्यूकार्डावर कालची करी सांडलेली नाही ना, हे सगळे याच तासात पाहायचे. साइड स्टेशनमध्ये (हॉलमधल्या सामानाच्या कपाटात) दोन फेऱ्यांना पुरतील एवढ्या ताटल्या, वाट्या, चमचे, काटे, नॅपकिन आणि बिलाची फोल्डरे ठेवायची. गर्दीत एका चमच्यासाठी धुण्याच्या जागेपर्यंत गेलेला वेटर दोन टेबलांच्या रोषाचा धनी होतो.

ब्रीफिंगमध्ये, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच्या सूचनांच्या वेळी, कॅप्टन जे सांगतो त्यातील दोन गोष्टी वहीत लिहाव्यात : आज कोणता पदार्थ नाही, आणि कोणता जास्त विकायचा आहे. पाहुण्याने आवडीने मागितलेला पदार्थ दहा मिनिटांनी "संपला" म्हणून सांगण्याइतकी वाईट सुरुवात दुसरी नाही. स्वतःचे जेवण याआधीच करून घ्यावे. उपाशी वेटर साडेनऊला चिडचिडा होतो.

टप्पा ६ : टेबलावरील कामाचा क्रम

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा असल्याने सविस्तर देत आहे.

१. पाहुणे बसल्यापासून एका मिनिटाच्या आत टेबलाशी जावे. हात भरलेले असतील तर निदान नजर देऊन "नमस्कार, आलोच" असे म्हणावे. कुटुंबात वयाने मोठ्या व्यक्तीकडे पाहून बोलावे. "काका", "ताई" म्हणायचे की "सर", "मॅडम", हे जागेच्या रीतीप्रमाणे ठरते. एकेरी मात्र कोणालाही, लहान मुलालाही, बोलू नये.

२. पाण्याबद्दल विचारताना "साधे की बाटलीचे?" असेच विचारावे. न विचारता बाटलीचे झाकण फिरवणे ही फसवणूक आहे आणि पाहुणा ती बिल पाहताना ओळखतो.

३. मेन्यू दिल्यावर लगेच डोक्यावर उभे राहू नये. दोन-तीन मिनिटे नजर ठेवून दूर थांबावे. मेन्यूकार्ड मिटले की जावे.

४. ऑर्डर घेताना दारापासून किंवा स्वयंपाकघरापासून जवळची खुर्ची एक नंबरची धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजावे आणि पदार्थापुढे खुर्चीचा क्रमांक लिहावा. मग ताट आणल्यावर "चिकन सूप कोणाचे?" असे विचारावे लागत नाही. सहा जणांनी आठ भाज्या सांगितल्या तर "आधी चार घेऊ या, लागल्यास लगेच आणतो" असे सुचवावे. बिल थोडे कमी होते, पण ते कुटुंब पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

५. ऑर्डर पूर्ण वाचून दाखवावी. जैन, उपवास, ॲलर्जी, कमी तिखट या गोष्टी शेवटी वेगळ्या वाचाव्यात आणि केओटीवर (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) ठळक लिहाव्यात. तोंडी सांगण्यावर मुळीच विसंबू नये.

याबाबत माझ्या हातून झालेली चूक मला आजही स्पष्ट आठवते. वेटर म्हणून कामाला लागून तिसरा महिना होता. सहा जणांच्या कुटुंबात एक आजी जैन होत्या आणि त्यांच्यासाठी कांदा-लसणाविना पनीर सांगितले होते. मी केओटीवर नुसते "पनीर" लिहिले, पासवर (स्वयंपाकघरातून ताटे बाहेर देण्याच्या जागी) जाऊन आचाऱ्याला तोंडी सांगितले, आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. तेवढ्यात आचाऱ्याची पाळी बदलली. पनीर टेबलावर गेले, आजींनी पहिला घास घेतला, थांबल्या, पदराने तोंड पुसले आणि ताट दोन बोटांनी हळूच पुढे सरकवले. त्या काहीही बोलल्या नाहीत. मी दुसरे पनीर करून आणेपर्यंत त्यांनी फक्त पाणी घेतले, आणि नंतर आणलेल्यालाही हात लावला नाही. तेव्हापासून "जैन" हा शब्द मी केओटीवर खाली दोन रेघा मारून लिहितो, आणि पासवरून ताट उचलताना आचाऱ्याला पुन्हा विचारतो. जैन म्हणजे केवळ कांदा-लसूण नव्हे; बटाटा, गाजर, बीट, मुळा हे कंदही वर्ज्य असतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी इतर कुटुंबेही आपल्याकडे पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांना नेमके काय चालत नाही ते विचारून घ्यावे.

६. केओटी एकदम सोडू नये. सूप आणि स्टार्टर आधी, मुख्य जेवण थांबवून. स्टार्टरची निम्मी ताटली संपत आली की भाजीची ऑर्डर सोडावी, आणि भाजी पासवर येण्याच्या बेतात असताना रोटीची. तंदुरी रोटी निघाल्यावर चार-पाच मिनिटांतच वातड होऊ लागते. रोट्या टेबलावर आणि भाजी अजून कढईत, हा प्रकार बहुतेक वेळा वेटरच्या क्रमाच्या चुकीने होतो आणि दोष मात्र आचाऱ्यावर जातो. सहा जणांसाठी बारा रोट्या एकदम आणण्याऐवजी आधी सहा आणि पाच मिनिटांनी सहा आणाव्यात.

७. वाढताना पाहुण्याच्या डाव्या बाजूने वाढावे. पेये उजव्या बाजूने द्यावीत आणि रिकामी ताटे उजव्या बाजूने उचलावीत. हंडीतील पहिला वाढप आपण करावा, आधी वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना. गरम वस्तू लहान मुलाच्या डोक्यावरून कधीही नेऊ नये, वळसा पडला तरी चालेल. ताटाच्या आत अंगठा जाऊ देऊ नये.

८. पदार्थ दिल्यावर दोन-तीन घासांनंतर एकदा जाऊन "भाजी बरोबर आहे ना?" असे विचारावे. या वेळी कळलेली तक्रार पाच मिनिटांत सुटते. बिलाच्या वेळी कळलेली सुटत नाही. त्यानंतर सारखे विचारत राहू नये, नजर ठेवावी. ग्लासात एक तृतीयांश पाणी उरले की भरावे.

९. सगळ्यांचे जेवण झाल्याशिवाय ताटे उचलू नयेत. हळू जेवणाऱ्या आजोबांसमोर इतरांची ताटे गोळा केली की ते अर्धे ताट तसेच सोडतात. फिंगर बोलमध्ये (बोटे धुण्याच्या वाडग्यात) पाणी कोमट असावे, चटका बसेल असे नसावे, आणि लिंबाची बी काढलेली असावी. गोड पदार्थ आणि पानाबद्दल विचारून मगच बिलाकडे वळावे.

*इशारा : परमिट रूममध्ये काम करताना वयाचा संशय आला तर ओळखपत्र पाहिल्याशिवाय ऑर्डर घेऊ नये आणि कॅप्टनला बोलवावे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे ही किमान मर्यादा आहे.*

टप्पा ७ : बिल, पैसे आणि टिप

बिल टेबलावर नेण्यापूर्वी ते केओटीशी ताडून पाहावे : रद्द केलेला पदार्थ गेला आहे ना, शेवटची रोटी धरली आहे ना. बहुतेक स्वतंत्र रेस्टॉरंटांत खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी असतो आणि बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर व्हॅट लागतो. पाहुण्याने विचारले तर एवढे तरी शांतपणे सांगता आले पाहिजे. सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. त्यांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. पाहुण्याने ते काढायला सांगितल्यास वाद न घालता बिल कॅप्टनकडे द्यावे.

रोख रक्कम पाहुण्यासमोर मोजावी. कार्डाचे यंत्र टेबलापाशी न्यावे आणि पिन टाकला जात असताना मान दुसरीकडे वळवावी. यूपीआयने पैसे आल्याची खात्री पाहुण्याच्या फोनच्या पडद्यावर करू नये. रेस्टॉरंटच्या खात्यात नोंद आल्याचे गल्ल्यावरून कळल्यावरच बिल बंद करावे.

टिप मागू नये, फोल्डर उघडून पाहुण्यासमोर मोजू नये, आणि कमी मिळाली म्हणून चेहरा पाडू नये. एकत्र वाटपाची पद्धत असेल तर हाती आलेली टिप पूर्ण पेटीत टाकावी. वीस रुपये बाजूला ठेवताना सहकाऱ्याने पाहिले, तर ते वीस रुपये पुढची दोन वर्षे त्याच्या लक्षात राहतात.

टप्पा ८ : सांडले, फुटले, चुकले तर

अंगावर गरम पदार्थ सांडला तर माफी मागत उभे न राहता आधी साधे वाहते पाणी द्यावे. भाजलेल्या जागेवर बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. कपड्यावर सांडले तर पाहुण्याच्या अंगाला स्वतः हात न लावता स्वच्छ नॅपकिन आणि पाणी हातात द्यावे. बर्फाच्या पेटीजवळ काच फुटली तर तो सगळा बर्फ टाकून पेटी धुवावी, कारण काचेचा तुकडा बर्फात दिसत नाही.

तक्रार ऐकताना मधे बोलू नये, "किचनची चूक आहे" असे म्हणू नये, आणि पदार्थ ताबडतोब उचलून न्यावा. मोफत काही देण्याचे वचन वेटरने देऊ नये. ते कॅप्टनचे काम आहे. पाहुणा शिवीगाळ करू लागला तर उलट न बोलता मागे सरून मॅनेजरला बोलवावे. हे गिळणे कठीण जाते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या जागी मॅनेजर अशा वेळी आपल्या माणसाच्या पाठीशी उभा राहत नाही, तिथे एक वर्षाहून अधिक राहू नये.

टप्पा ९ : वेटर ते कॅप्टन

एका जागी निदान दीड ते दोन वर्षे काढावीत. मुलाखतीत मी आधी हेच पाहतो, आणि वर्षात चार जागा बदललेल्या मुलाला सेक्शन सोपवताना हात आखडतो. मात्र त्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी एक नवे काम मागून घ्यावे. पहिले म्हणजे बिलिंगचे सॉफ्टवेअर. दुसरे, बार असल्यास बारचे काउंटर, तिथली मापे आणि नावे. तिसरे, महिन्याअखेरची भांड्यांची मोजणी आणि साठ्याची नोंद. चौथे, पाळ्यांचा तक्ता लावणे. कॅप्टनची जागा रिकामी होते तेव्हा मालक सगळ्यात चपळ वेटर शोधत नाही. कॅप्टन सुट्टीवर असताना ज्याने तक्ता लावला होता त्याला बोलावतो.

इंग्रजीचे भय अकारण वाढवलेले आहे. सुरुवातीला साठ-सत्तर वाक्ये पुरतात, आणि ती सगळी टप्पा ६ मधील कामांचीच असतात. ती लिहून काढून आरशासमोर मोठ्याने म्हणावीत. चुकीच्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी किंवा हिंदी कितीतरी आदराची वाटते.

जागा सोडताना ठरलेली नोटीस द्यावी, हिशेब पूर्ण करून घ्यावा, आणि अनुभवाचे पत्र लेटरहेडवर, तारखांसह व हुद्द्यासह घ्यावे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (कर्मचाऱ्याचा कायमचा खाते-ओळख क्रमांक) तोच ठेवावा; नव्या जागी नवा काढू दिल्यास जुने पैसे अडकून पडतात.

टप्पा १० : जहाज किंवा आखात

कोकण, मुंबई आणि गोव्यातील अनेकांना क्रूझ जहाजाची ओढ असते. त्यासाठी दोन-तीन वर्षांचा रेस्टॉरंटचा अनुभव, कामापुरते इंग्रजी, एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, सीडीसी हे खलाशी नोंदवहीपत्र आणि वैद्यकीय तपासणी लागते. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो, आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी नसते, हे घरच्यांना आधी सांगावे. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. आखातासाठी जाताना एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला हवा. अशा नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन (देशाबाहेर कामाला जाण्याच्या) तपासणीचा शेरा असतो आणि ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी त्यांना मंजुरी घ्यावी लागते, म्हणून त्यांना पर्यटक व्हिसावर पाठवू पाहणाऱ्यापासून दूर राहावे.

*तपासणी : पैसे देण्यापूर्वी करार हातात आला आहे का, त्यावर हुद्दा, मूळ पगार, कामाचे तास, राहण्या-जेवणाची सोय आणि परतीचे तिकीट लिहिले आहे का, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती आहे का, आणि पासपोर्टच्या प्रत्येक पानाची छायाप्रत घरी ठेवली आहे का.*